ओर्गुलेईची घंटा

पाणी पेल्याच्या काठावरून टेबलावर आलं, टेबलावरून असुंताच्या मांडीवर ओघळलं, तेव्हा कुठं अंतिओको सूलिसनं सुरई सरळ केली. "लक्ष कुठंय तुझं?" असुंता खुर्ची मागं ढकलत म्हणाली. "आयुष्यभर शहराचं पाणी वाचवतोय आणि घरात सांडतोय." सगळे हसले. त्यांची मुलगी बोनारिया हसली, तिचा होणारा नवरा बाकीझिओ हसला, अंतिओकोही हसला असावा, कारण नंतर कुणी काही विचारलं नाही. बाकीझिओच्या हातात अजून ती घंटा होती. ओंजळीएवढी, काळपट पत्र्याची, कडेला गंजलेली. तिकडे, त्याच्या ओर्गुलेईच्या डोंगरात, मुलगा वेगळं घर मांडतो तेव्हा बापाच्या कळपातली एक घंटा त्या घराच्या दारात टांगतात म्हणे. म्हणून त्यानं ती चीजच्या गोल ढेपेसोबत वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, आणि जेवता जेवता सहज एकदा हलवून दाखवली होती. एकदाच. पहिला आवाज जाड होता. मग त्याच्याच पोटातून दुसरा, बारीक. आणि शेवटी, दोन्ही विरत आलेले असताना, एक कोरडं 'टक्', जीभ टाळूवर आपटावी तसं. "कुठंतरी तडा गेलाय," बाकीझिओ म्हणाला. "पण बाबा सांगतात, तडा गेलेली घंटा घरात भांडण होऊ देत नाही." "मग दोन टांग," बोनारिया म्हणाली. अंतिओको टेबलावरचं पाणी फडक्यानं टिपत राहिला. फडकं भिजून गच्च झालं तरी टिपतच राहिला.

लग्न चौदा सप्टेंबरला होतं. तो जूनचा दुसरा रविवार होता. म्हणजे चौदा आठवडे. अंतिओकोनं हा हिशेब रात्रीची भांडी धुताना केला आणि नंतर तो रोज कमी होत गेला. तो पाणीपुरवठा खात्यात गळती ऐकायचं काम करायचा, बावीस वर्षं. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला लावायचं, दुसऱ्या टोकाच्या लाकडी वाटीला कान लावायचा, आणि काल्यारी शहराच्या डांबराखाली दोन मीटरवर पाणी कुठं निसटतंय ते सांगायचं. नवीन यंत्रं आली होती, पण तरुण पोरं यंत्राचा आकडा घेऊन शेवटी त्याच्याकडेच यायची. खड्डा कुठं खणायचा, तो खडूनं फुली मारून दाखवायचा. बावीस वर्षांत त्याच्या चार फुल्या चुकल्या होत्या आणि चारही त्याला पाठ होत्या. त्या सोमवारी त्यानं पाचवी चुकवली. रस्ता कोरडा निघाला. खणणारा म्हणाला, "उस्ताद, प्रेमात पडलात की काय?" तो सळई पुसत राहिला. त्याला रस्त्याखालून पाणी ऐकू येत नव्हतं, 'टक्' ऐकू येत होतं.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात, वडिलांच्या पिठाच्या गिरणीच्या फाटकातून त्याला उचललं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. एकशे बेचाळीस दिवसांनी सोडलं. या दोन वाक्यांच्या मधलं काय, ते सगळ्या शहराला माहीत होतं, म्हणजे वर्तमानपत्रात जेवढं आलं तेवढं. खंडणीत गिरणी गेली, वडील दोन वर्षांनी गेले, आणि तो 'गिरणीवाल्यांचा मुलगा' राहिला. त्या दिवसांतलं त्यानं डोळ्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी, तिचा मेंढीचा ओशट वास, आणि पलीकडे गुहा. पोलिसांना त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. एक, छतातून पाणी ठिबकायचं ते तीन थेंब लागोपाठ आणि मग बराच वेळ थांबून एक. दोन, जो माणूस खायला आणायचा तो पापडासारखी पातळ भाकरी देण्याआधी ती दगडावर दोनदा आपटायचा. आणि तीन, सकाळ-संध्याकाळ वरून एक कळप जायचा, त्यातली एक घंटा. तपास अधिकारी चांगला माणूस होता. त्या मे महिन्यात त्यानं पोराला गाडीत घालून सव्वीस मेंढवाड्यांवर फिरवलं. पोरानं स्वतःच डोळ्यांवर पट्टी मागितली, कारण उघड्या डोळ्यांनी त्याला आवाज ओळखता यायचा नाही. घंटा वाजायच्या, तो म्हणायचा, "ही नव्हे." सव्विसाव्या वाड्यानंतर अधिकाऱ्यानं गाडीत त्याला आइस्क्रीम दिलं आणि वडिलांना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "मुलं काहीबाही कल्पना करतात." पट्टी अजून डोळ्यांवरच होती. त्याला ऐकू आलं.

चौथी गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नाही. पोलिसांना नाही, आईला नाही, असुंतालाही नाही. पहिल्या दहा दिवसांनंतर त्याचे हात बांधणं त्यांनी सोडून दिलं होतं. गुहेत तो एकटा असला की टोपी वर करायला मोकळीक होती; गुहेचं तोंड फांद्यांनी बुजवलेलं, त्यामुळे वर केली तरी काळोखच. माणूस यायच्या आधी तोंडाशी उभा राहून खोकायचा. एकदा आखूड, एकदा लांब. ते ऐकलं की टोपी खाली ओढायची. एवढाच नियम. आणि एकशे बत्तीस दिवस अंतिओकोनं स्वतःच्या हातानं ती टोपी खाली ओढली. एकदाही उशीर केला नाही. एकदाही विणीतून डोकावला नाही. शेवटी शेवटी तर खोकला संपायच्या आत हात वर गेलेला असायचा. मोठेपणी, थिएटरात किंवा बसमध्ये कुणी त्या लयीत खोकलं की त्याचा हात कपाळापर्यंत जायचा आणि तिथं पोचल्यावर केस सारखे करायचा.

म्हणून बाकीझिओनं तीन दिवसांच्या पायपिटीचं आमंत्रण दिलं तेव्हा त्यानं लगेच होकार दिला. असुंताला नवल वाटलं. बाकीझिओचा धंदाच तो होता, पर्यटकांना डोंगर आणि गुहा दाखवायच्या. "पहिला दिवस समुद्राच्या गुहा, दुसऱ्या दिवशी वरच्या, तिसऱ्या दिवशी बाबांच्या वाड्यावर जेवण," तो म्हणाला. "व्याही-व्याही भेट. बाबा काही काल्यारीला उतरायचे नाहीत. शेवटचे उतरले होते ते सैन्यात भरती व्हायला." असुंताचे गुडघे चालण्याजोगे नव्हते. निघताना तिनं अंतिओकोच्या पाठीवरच्या पिशवीत मोजे कोंबले, तेव्हा तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी कडक तिच्या हाताला लागलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सळईची वाटी." सळई त्यानं काठी म्हणून हातात घेतली होती, त्यामुळे ते खरं वाटण्यासारखं होतं.

किनाऱ्याची वाट कड्याच्या कडेनं होती. खाली समुद्र इतका स्वच्छ की तळाच्या गोट्यांच्या सावल्या दिसत. बाकीझिओ पुढं, बोनारिया मधे, अंतिओको मागं. मागून माणूस नीट पाहता येतो. बाकीझिओ वाटेतला सुटा दगड पायानं बाजूला सारायचा आणि मागं वळून न पाहता सांगायचा, "डावीकडून या." त्याला मागचं न बघता कळतं, हे अंतिओकोनं मनात टिपून ठेवलं. तो उतारावर बोनारियाचा हात धरायचा तो मनगटाला धरायचा, पंजाला नाही. हेही टिपलं. मनगटाला माणूस कधी धरतो? निसटू नये म्हणून. की पडू नये म्हणून? दुपारी ते पहिल्या मोठ्या गुहेत शिरले. इथं पूर्वी सील राहायच्या. जुने कोळी त्यांना समुद्रातले बैल म्हणत, त्यांच्या डरकाळीवरून. आता सील नव्हत्या, डरकाळी मात्र होती, लाट आत शिरली की भिंत पोटातून हुंकार द्यायची. अंतिओकोनं सळई भिंतीला लावली, खिशातली वाटी वरच्या टोकाला बसवली, तिला कान लावला आणि डोळे मिटले.

"बाबा, लोक गुहा बघायला येतात," बोनारिया म्हणाली. "डोळे मिटायला नाही."

"सिन्योर अंतिओको, इथं गळती सापडली तर तक्रार थेट समुद्राकडे करा," बाकीझिओ म्हणाला. "आमच्या पंचायतीकडे पाइप बदलायला माणूस नाही."

ही ती गुहा नव्हती, हे पहिल्या श्वासातच कळलं होतं; इथं हवा खारट होती. तरी तो कान काढेना. कारण त्या दिवसांत कधी कधी, वारा एका बाजूनं असला की, फार लांबून एक धप्प असं यायचं आणि अकरा वर्षांच्या मुलाला ते आपलं काळीज वाटायचं. ते समुद्राचं असेल का? म्हणजे समुद्र ऐकू येईल इतक्या जवळ, पण वास येणार नाही इतकं वर. त्यानं मनातल्या नकाशावर एक पट्टा आखला. मग त्याच्या मनात आलं, या पोरानं पहिल्या दिवशी मुद्दाम समुद्राच्या गुहा का ठेवल्या? लाटांनी कान थकवायला? बोटीनं येऊन दोन तासांत झालं असतं ते काम, याला दिवसभर चालवायचं होतं. आणि लगेच दुसरा विचार: बोनारियानंच तर त्याला सांगितलं होतं, बाबांना बोट लागते. दोन्ही विचार शेजारी शेजारी राहिले. एकानं दुसऱ्याला घालवलं नाही.

मुक्काम एका खडकाच्या आडोशाला केला. अंधार पडायच्या आतच बाकीझिओनं विस्तव पेटवला. बोनारिया बापाशेजारी येऊन बसली. "तू त्याच्याकडे पोलिसासारखा बघतोस."

"कसं बघतो?"

"हातांकडे बघतोस. तो चाकू काढतो तेव्हा बघतोस, दोरी गुंडाळतो तेव्हा बघतोस. बाबा, तो डोंगरातला आहे म्हणून का?"

"नाही गं."

"तू मला आधी सांगितलं असतंस तर," ती म्हणाली आणि थांबली. काय सांगितलं असतंस, ते तिला पुढं सुचलं नाही. घरात 'ते दिवस' म्हणून एक दोन शब्दांची जागा होती. त्या जागेच्या आत ती कधी शिरली नव्हती. तिला शिरू दिलं नव्हतं. विस्तवापलीकडून बाकीझिओ या दोघांकडे पाहत नव्हता. तो इतक्या काळजीनं पाहत नव्हता की त्याला सगळं ऐकू येत असणार, अशी अंतिओकोची खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी चढ. समुद्र मागं राहिला आणि दगड सुरू झाला, पांढरा, धारदार, जुन्या हाडांसारखा भोकाभोकांचा. ओकची झाडं, त्यांच्यामधे मेंढपाळांच्या सोडून दिलेल्या झोपड्या, जुनिपरच्या वाळलेल्या खोडांच्या. वारा थंड होता. अंतिओकोनं लोकरीची टोपी घातली. दुपारपर्यंत तीन गुहा झाल्या. पहिलीत ठिबकणं नव्हतंच. दुसरीत होतं, पण सलग, घाईघाईचं, स्वयंपाकघरातल्या नळासारखं. तिसरीत बाकीझिओनं छतावरून लोंबणारे चुनखडीचे सुळके दाखवले आणि त्यांची वयं सांगितली, पर्यटकांना सांगतात तशी, हजारांत. मग ते तोंडाशी जेवायला बसले. बाकीझिओनं फडक्यातून पातळ भाकऱ्यांची चळत काढली, वरची एक उचलली आणि दगडावर आपटली. दोनदा.

अंतिओकोच्या तोंडातलं ऑलिव्ह तसंच राहिलं. या पोराचा जन्म त्या दिवसांनंतर सहा वर्षांनी झाला होता. म्हणजे हे शिकलेलं होतं. कुणाकडून तरी, कुणाच्या तरी मांडीवर बसून. तो काही विचारणार इतक्यात बोनारियानंही एक भाकरी उचलली आणि ठक्, ठक्, आपटून त्याच्या हातात दिली.

"हे काय?" त्याचा आवाज चढला होता. "हे कुठं शिकलीस?"

"इथंच. मुंग्या असतात, बाबा. सगळेच आपटतात." तिनं बाकीझिओकडे पाहिलं. "आपटतात ना?"

"न आपटता खाल्ली तर आई म्हणायची, आज मटण आहे वाटतं," बाकीझिओ म्हणाला.

सगळेच आपटतात. छत्तीस वर्षं त्यानं एका माणसाचा हात म्हणून जे जपलं होतं ते एका अख्ख्या मुलखाचं निघालं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, आता तो माणूस कुणीही असू शकतो. तिसऱ्या दिवशी सकाळी उतारावर एका वळणाशी उजव्या हाताला झाडीमागं एक काळी फट दिसली, बसक्या तोंडाची. अंतिओको तिकडे वळला. "ती नको," बाकीझिओ पटकन म्हणाला. इतका वेळ तो कधीच पटकन काही बोलला नव्हता. "पारव्यांची घाण आहे नुसती. बघण्यासारखं काही नाही." आणि पहिल्यांदाच तो वाटेवरून मागं आला, अंतिओको पुढं जाईपर्यंत त्या झाडीच्या अंगाला उभा राहिला. अंतिओकोनं चालता चालता पावलं मोजायला सुरुवात केली. तिथून मेंढवाड्यापर्यंत दोन हजार शंभर भरली.

त्सिऊ प्रेदू, म्हणजे बाकीझिओचे वडील, तिकडे प्रत्येक म्हाताऱ्याला त्सिऊच म्हणतात, वाड्याच्या दाराशी दगडावर बसून चाकूनं बोरूचा तुकडा तासत होते. एकोणऐंशी वर्षांचे, बुटके, पाय आखूड आणि खांदे रुंद. ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवसाची सकाळ होती, दहा वाजले असतील.

"या, व्याही," ते म्हणाले. "शहरातली माणसं काठी लाकडाची वापरत नाहीत का?"

"ही कामाची आहे."

"काठीला चालण्याशिवाय आणखी काय काम असतं?"

"ऐकते ती."

म्हाताऱ्यानं तासणं थांबवलं. सळईकडे पाहिलं, मग अंतिओकोच्या कानांकडे, मग परत बोरूकडे. "मग माझ्या बायकोपेक्षा बरी आहे," ते म्हणाले. "ती गेली तोवर माझं एक वाक्य तिनं ऐकलं नाही." आवाज घोगरा होता. तोच का? अंतिओकोला ठरवता येईना. त्या माणसानं एकशे बेचाळीस दिवसांत मिळून वीसेक शब्द उच्चारले असतील, तेही कुजबुजत. आणि समोर चेहरा होता, पांढऱ्या खुंटांचा, डोळ्यांच्या कडा लाल. चेहरा दिसत असताना त्याला आवाज धरता येत नव्हता. घरात वाईन ओतली गेली. बोनारिया मागच्या बाजूला चीजच्या फळ्या बघायला गेली. अंतिओकोनं पिशवीतून फडकं काढलं, घंटा टेबलावर ठेवली आणि मग, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघत, एकदा हलवली.

जाड. बारीक. टक्.

बाकीझिओचा ओतता हात थांबला. त्सिऊ प्रेदूंनी मात्र घंटेकडे पाहिलंच नाही. मुलाकडे पाहिलं. "ही नेलीस तू?"

"तुम्हीच सांगितलंत. खुंटीवरची ने."

"डावीकडच्या खुंटीवरची! तुझ्या आजोबांची! गाढवा, तुला ऐकून कळलं नाही? मेंढपाळाच्या पोटी जन्माला आलास आणि कानात काय, चीज भरलंय?" त्यांनी टेबलावर थाप मारली. "तरी आई म्हणायची याची, पोराला पर्यटकांत घालू नका. ही आपली नाही. ही पाराद्यूरातली."

"पाराद्यूरा म्हणजे?" अंतिओकोनं विचारलं. त्याला माहीत होतं. त्याला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हातारा घंटेकडे न बघताच बोलला. चौऱ्याऐंशीच्या ऑगस्टात वणवा लागला. त्यांच्या एकशे दहा मेंढ्या जळाल्या, एकीचीही घंटा वाचली नाही, पत्रे जळून वेडेवाकडे झाले. तेव्हा रिवाजाप्रमाणे आजूबाजूच्या अठ्ठावन्न मेंढपाळांनी एकेक मेंढी आणून सोडली. प्रत्येकानं चांगलीतली दिली, गळ्यातल्या घंटेसकट. "कुणी कोणती दिली हे विचारायचं नसतं," ते म्हणाले. "देणारा पाठ फिरवून देतो. घेणारा त्याच दिवशी मेंढीच्या कानावर आपली खूण कापतो. झालं, ती माझी. पण घंटेवर खूण कुठं कापणार?"

अठ्ठावन्न. तो वणवा आपल्या सुटकेनंतर चार महिन्यांनी लागला, हे अंतिओकोला लख्ख दिसलं. सव्वीस वाडे फिरून अधिकारी थकला होता. सत्ताविसावा कुठला होता? की हा म्हातारा आत्ता, या क्षणी, आपल्या अंगावरचं झटकून अठ्ठावन्न जणांत वाटून टाकतोय? दान फार सोयीचं असतं. वणवा खरा असेल. पण वणव्याआधीची घंटा वणव्यात गेली, असं म्हाताऱ्याशिवाय कोण सांगतंय?

"पण ऐकल्यावर तुम्हाला कळलं," तो म्हणाला. "कुणाची ते. तुम्हाला कान आहेत."

"कळलं तर."

"मग?"

"मग काही नाही. वाईन घ्या."

"ती पारव्यांची गुहा," अंतिओको उठत म्हणाला, "इथून दोन हजार शंभर पावलं. बरोबर?"

बाकीझिओ काहीतरी बोलणार होता. म्हाताऱ्यानं नुसतं बोट वर केलं. "जा," ते अंतिओकोला म्हणाले. "बॅटरी घेऊन जा." "बॅटरी नको," तो म्हणाला.

गुहेत खरोखरच पारवे होते. तो वाकून आत शिरला तसे चार-पाच फडफडत बाहेर गेले. पोरगं खोटं बोललं नव्हतं. त्यानं फक्त सगळं सांगितलं नव्हतं. आत उभं राहता येत होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ पावलं भरली. लहानपणी ती बावीस होती. एका कोपऱ्यात गंजलेला पत्र्याचा डबा, लेंड्या, जुन्या विस्तवाचा डाग. यातलं काहीच त्याच्या ओळखीचं नव्हतं, असणार कसं? त्यानं सळई भिंतीला टेकवून ठेवली, ती लागणार नव्हती. तो खाली बसला, पाठ भिंतीला लावली आणि पाठीला भिंतीतला तो उंचवटा लागला, तेव्हा डाव्या खांद्याखाली असायचा तो, त्याच्या वाढलेल्या अंगाला आता कमरेपाशी होता. मग ठिबकणं सुरू असल्याचं लक्षात आलं. तीन. थांबलं. थांबलं. एक. छत्तीस वर्षांत पाणी वाट बदलतं, पाइपातलंसुद्धा बदलतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि इथं एका थेंबाचाही फरक नव्हता. लांब, वाऱ्याच्या पलीकडे, धप्प झालं. समुद्रच होता तो. त्यानं दोन्ही हातांनी टोपीच्या कडा धरल्या आणि ती डोळ्यांवरून, नाकावरून, हनुवटीपर्यंत खाली ओढली. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला नीट ऐकायचं होतं.

काही वेळानं पावलं आली. आखूड पायांची, एक टाच घासणारी. अंतिओकोनं श्वास रोखला. आता. त्याचे हात मांडीवर होते आणि टोपी आधीच खाली होती, तरी बोटं वर जायला ताठ झाली. पावलं तोंडाशी थांबली. पारवा कुठंतरी घुमला. खोकला आला नाही.

"येऊ का आत?" त्सिऊ प्रेदूंचा आवाज म्हणाला.

हे इथं त्याला कुणीच कधी विचारलं नव्हतं. टोपीच्या आत, लोकरीच्या उबेत, तो आवाज त्यानं जिभेवर घोळवावा तसा घोळवला. कडेकडेनं तपासला. घोगरा, म्हातारा, आणि परका. हा तो नव्हे. बावीस वर्षांच्या कामात ज्या खात्रीनं तो फुली मारायचा त्या खात्रीनं त्याला कळलं.

"नको," तो म्हणाला.

पावलं आली नाहीत. मागंही गेली नाहीत. बाहेर म्हातारा दगडावर बसल्याचा आवाज आला, मग चाकूनं बोरू तासल्याचा. अंतिओकोनं दोनशे थेंब मोजले. मग टोपी वर केली, सळई घेतली, वाकला आणि बाहेर आला.

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं," तो म्हणाला.

"गावात कुणाला माहीत नव्हतं, असं विचारा."

"मी अकरा वर्षांचा होतो."

"हो," म्हातारा म्हणाला. त्यानं बोरू टाकून दिला आणि चाकू मिटला. दोघं चालू लागले. म्हातारा चालता चालता पुढं बोलला. "माझ्या मेंढ्या जळाल्या तेव्हा वाड्यात राख गरम होती. लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी यायला लागले. त्याची मेंढी पहिल्याच दिवशी आली. सगळ्यांच्या आधी. तिच्या घंटेला तडा होता, तरी ती त्याच्या कळपातली सगळ्यांत चांगली होती. आम्ही घरात तिचं दूध प्यायलो. ती घंटा मी कधी वाजवली नाही, टाकूनही दिली नाही. नाव मी घेणार नाही, व्याही. तुम्ही लग्न मोडलंत तरी नाही."

"लग्नाला येईल तो?"

"गाव येतं. गाळणीतून गाळून बोलवता येत नाही."

समोर वाड्याचा धूर दिसत होता आणि अंगणात बोनारिया फळीवर भाकऱ्या मांडत होती. बाकीझिओ तिच्यामागं काहीतरी उचलून द्यायला उभा होता आणि ती त्याला कोपरानं बाजूला करत होती. "लग्न मोडत नाही," अंतिओको म्हणाला. "घंटा बदलून द्या. आजोबांची द्या. आणि त्याला येऊ दे. मी डोळे मिटून बसेन. मला कळेल."

त्सिऊ प्रेदू थांबले. त्यांनी खाली, पायाजवळच्या दगडाकडे पाहिलं, जणू त्यावर काही लिहिलेलं होतं.

"डोळे कशाला मिटायचे?" ते म्हणाले. "तो आत यायच्या आधी खोकतो. एकदा आखूड, एकदा लांब. अजून."

अंतिओकोचा हात कपाळापर्यंत गेला होता. या वेळी त्यानं केस सारखे केले नाहीत. तो तसाच उभा राहिला, हात टोपीच्या कडेवर, आणि म्हातारा त्या हाताकडे बघत राहिला. त्यालाही सगळं माहीत होतं. तेही माहीत होतं. गेली छत्तीस वर्षं या दगडांत, या धुरात, कुठल्या तरी टेबलाशी, वाईनच्या तिसऱ्या पेल्यानंतर, कुणीतरी सांगितलं असणार: पोरगं इतकं शहाणं की खोकताच स्वतः टोपी ओढायचं. आणि कुणीतरी हसलं असेल. किंवा हसलं नसेल.

"आज जेवायला सात जण यायचेत," त्सिऊ प्रेदू चालायला लागत म्हणाले. "नव्या व्याह्याला बघायला. आजूबाजूच्या वाड्यांवरचे. मी कुणाला नको म्हटलं नाही."

वाड्यात लांब टेबल मांडलं होतं. बोनारियानं बापाचा चेहरा पाहिला आणि हातातली भाकरी खाली ठेवली. "बाबा, काय झालं? भिंतीकडे बस ना, तिकडे वारा लागत नाही."

"नको," तो म्हणाला. "इथंच बसतो. इथून दार दिसतं." तिनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "जेवण झालं की तुला एक गोष्ट सांगायचीय," तो म्हणाला. "तुला आणि त्यालाही. टोपीची." मग त्यानं ती डोक्यावरून काढली, दुमडली आणि मांडीखाली घेऊन तिच्यावर बसला. कुत्रं भुंकायला लागलं. खालच्या वाटेवर घसरड्या दगडांवरून कुणाची तरी पावलं वर येत होती. अंतिओकोनं दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि उघड्या डोळ्यांनी दाराकडे बघत राहिला.